गॅरट आणि बाबूजींचं ताट

बाबूजी मस्कतला आले त्या दिवशी विमानतळापासून वादी अदाईपर्यंत ते गाडीच्या काचेला कपाळ टेकवून बाहेर बघत होते. मला वाटलं, डोंगर बघतायत. आमच्या गोंदियाकडे डोंगर म्हटला की त्यावर झाड असतं. इथले डोंगर म्हणजे नुसते तापलेले दगड. नवा माणूस ते बघून गप्प होतोच. पण बाबूजी डोंगर बघत नव्हते. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "लाईन कोणत्या बाजूनं जाते गा, मिलिंद?"

गाडी माझ्यासोबत राहणारे हमीदभाई चालवत होते. त्यांनी आरशातून मागे बघितलं. "कसली लाईन, बाबूजी?"

"रेल्वेची."

"हय रेल्वे नाय. अख्ख्या देशात नाय."

बाबूजींना ते पटलं नाही. त्यांनी विचारलं, "मंग एवढं सिमेंट कशात नेतेत?" हमीदभाई हसले. समोरून एक लांबलचक ट्रेलर येत होता, तो त्यांनी बोटानं दाखवला. बाबूजींनी ट्रेलर बघितला आणि एवढंच म्हणाले, "हं." ते 'हं' मी ओळखून होतो. ज्या माणसाचा जन्म इंजिनाच्या धुरात गेला, त्यानं मालगाडीच्या चाळीस वाघिणींचं काम एका ट्रकला करताना बघून काढलेलं ते 'हं' होतं.

आई त्याच वर्षी गेली होती. बाबूजींनी निवृत्त होऊन क्वार्टर सोडलं होतं आणि रुळांच्या पलीकडे दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. त्या घरात ते आता एकटे. मी एकुलता एक. घरात कॉलेजचं तोंड बघणारा मी पहिला, आणि त्या शिक्षणानं मला इतकं लांब आणून ठेवलं, की बापाला ताप आला तरी शेजाऱ्याच्या फोनवरून कळायचं. म्हणून मी त्यांना व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. मनात होतं, की मुदत वाढवत वाढवत त्यांना इथंच ठेवून घ्यावं. व्हिसाची मुदत माझ्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, सहीनं वाढणार होती. बाबूजींच्या मनाची मुदत कोणाच्या सहीनं वाढेल, ते मला माहीत नव्हतं.

आमचं घर म्हणजे वादी अदाईतल्या एका जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या. हमीदभाई रत्नागिरीकडच्या एका बंदरातले. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे, बायकामुलं गावी. मस्कतच्याच रुवी भागात त्यांचं मसाल्याचं आणि धान्याचं लहानसं दुकान होतं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी त्यांच्याकडे डाळ घ्यायला गेलो. माझं मराठी ऐकून त्यांनी विचारलं, "रांदता येतो काय?" मी म्हटलं, नाही. "मग डाल कशाला नेतास? बसायला?" त्याच आठवड्यात मी सामान घेऊन त्यांच्याकडे राहायला गेलो. भाडं मी अर्धं द्यायचो. पण जे खाल्लं, त्याचं भाडं कुठल्या हिशेबात बसत नाही. खोबऱ्याच्या वाटणातली सुरमई, तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी. आज माझ्या बायकोला सांगतो, मला मासे खायला कोकणी मुसलमानानं शिकवलं, तेव्हा ती म्हणते, तरीच काटे काढता येत नाहीत.

बाबूजी आल्यावर हमीदभाईंनी पहिल्या दिवशी खास कोंबडी केली. चटई अंथरली, तीन ताटं मांडली. बाबूजी हात धुऊन आले, आपल्या पिशवीजवळ गेले आणि पंच्यात गुंडाळलेलं स्टीलचं ताट आणि पेला काढून आणला. मांडलेलं ताट त्यांनी हळूच बाजूला सरकवलं आणि आपलं ठेवलं. जेवण झाल्यावर ताट स्वतः घासलं, पुसलं, पुन्हा पंच्यात गुंडाळून पिशवीत ठेवलं. मला त्यात नवल वाटलं नाही. लहानपणापासून हे ताट मी बघत आलो होतो. ड्युटीवर जाताना त्यांच्या लोखंडी पेटीत, लाईन बॉक्समध्ये, ते असायचं. लग्नाकार्याला गेलो तरी पिशवीत असायचं. आई म्हणायची, "लोकोवाल्याची सवय हाय ते." लोको म्हणजे इंजिन. मीही तेच धरून चाललो होतो.

आठवडाभरात घराचा आवाज बदलला. हमीदभाई स्वयंपाक करताना गुणगुणायचे, ते थांबलं. जेवायला वाढून ठेवायचे आणि "दुकानात जेवेन" म्हणून निघून जायचे. बाबूजी गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. तिथून दिवसभर टायरांचा एकच आवाज येई. गोंदियात त्यांना घड्याळ लागत नसे, कुठली गाडी गेली त्यावर ते चहा मागायचे. इथं ते चहा मागायचेच विसरले. एका संध्याकाळी म्हणाले, "इथं काही येतच नाही गा. आन् जातही नाही. माहं तिकीट पाहून ठेव."

त्याच सुमारास हमीदभाईंनी मला दुकानात गाठलं. तांदळाच्या पोत्यावर बसवलं आणि खाली बघत विचारलं, "एक सांग. रागावू नको. बाबूजींना माज्या हातचा चालत नाय काय?"

"काय बोलता, हमीदभाई? जेवतात की रोज."

"जेवतात. आपल्या ताटात. माजा ताट बाजूला सारतात, मी बघतंय ना. म्हातारा मानूस हाय, मी काय बोलनार नाय. पन माज्या घरात माजा ताट बाटलेला..." गिऱ्हाईक आलं आणि ते हळद तोलायला उठले.

आमच्या घरात बुद्धाची तसबीर होती. शिवाशिवीचं नाव काढलं तरी बाबूजींचा आवाज चढायचा. त्या माणसाला कोणाच्या हातचं चालत नाही, हे शक्य नव्हतं. पण ताट तर बाजूला सरत होतं, ते मीही बघत होतो. बाबूजींना थेट विचारायचं धाडस झालं नाही. आमच्याकडे बापाला असं विचारत नाहीत.

माझे अर्बाब, सालिम, हे इब्रा गावचे. वय सत्तरीच्या जवळ, पांढरी दाढी, आणि डिशदाशाच्या, म्हणजे लांब झग्याच्या, बाहीवर कायम ग्रीसचा एक डाग. खजुराच्या बागांना पाणी देणारे पंप दुरुस्त करायचं त्यांचं वर्कशॉप होतं. मालक असून ते पंपाला कान लावून बसायचे. त्यांच्या घराण्यातले लोक पूर्वी झांजिबारला गेले होते. ते तिकडेच जन्मले, तिकडेच वाढले, आणि देश उघडा झाला तेव्हा सत्तरच्या दशकात परत आले. अरबीपेक्षा स्वाहिली त्यांना जवळची होती, आणि नोकरीसाठी मोंबासात गुजराती-पंजाबी लोकांत राहिल्यानं हिंदी चांगलं यायचं. बाबूजींच्या व्हिसाचा कागद घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी सही करता करता विचारलं, "तुम्हारा वालिद क्या काम करता था?"

"रेल्वे में, अर्बाब. इंजन ड्रायव्हर. पहले फायरमन, गॅरट पर."

पेन थांबलं. "क्या पर?"

"गॅरट."

त्यांनी पेन खाली ठेवलं. टोपी काढून टेबलावर ठेवली. मग असं हसले, की बाहेरचा बलुची हेल्पर आत डोकावला. "गॅरट! और तुम तीन साल से यहां बैठा है, बोला नहीं? जुम्मे को घर लाओ. इब्रा. खाना मेरे साथ. सही बाद में."

मुदत संपायला फार दिवस नव्हते. कागद तसाच माझ्या खिशात राहिला.

इब्राला हमीदभाईंच्या पिकअपनं गेलो. मला एकट्याला बाबूजींना तिकडे न्यायची भीती वाटत होती आणि ताटाची तर जास्तच, म्हणून मी हमीदभाईंना गळ घातली. "येतंय," ते म्हणाले, "पन माज्या शेजारी तू बस." बाबूजी खिडकीशी बसले, मांडीवर पिशवी. त्या पिशवीत ताट आहे हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. बिदबिद गाव मागे पडलं, डोंगर लांब गेले, मैदान आलं. रस्ता चढाला लागला तसं बाबूजी पुढे झुकले. "इथं रूळ टाकला तर बँकर लागन," ते म्हणाले. बँकर म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलायला लावलेलं दुसरं इंजिन. कितीतरी दिवसांनी ते स्वतःहून बोलले होते.

सालिम अर्बाबचं घर खजुरीच्या बागेला लागून होतं. दारातून फलजचं, म्हणजे पाटाचं, पाणी खळखळत जात होतं. बैठकीत गालिचा, भिंतीला टेकलेल्या उशा, आणि भिंतीवर फ्रेममध्ये एकच फोटो. त्यात एक इंजिन होतं. बाबूजी कोणाला सलाम करायच्या आधी त्या फोटोपुढे जाऊन उभे राहिले.

ज्यांनी गॅरट पाहिलं नाही, त्यांना सांगायला हवं. साधं इंजिन म्हणजे पुढे बॉयलर, खाली चाकं, मागे कोळशाचा डबा. गॅरट तसं नव्हतं. बाबूजी लहानपणी मला सांगायचे, "दोन भोयांची डोली समज." मधे डोलीसारखा टांगलेला जाडजूड बॉयलर, आणि पुढे एक, मागे एक असे चाकांचे दोन संच, प्रत्येकाला आपापले सिलिंडर. भोई जसे वळणावर आपापले वळतात आणि डोली मधे सरळ राहते, तसं ते इंजिन वळणात शिरायचं. वजन पुष्कळ चाकांवर वाटलं जाई, म्हणून हलक्या रुळांवरही चाले. विलायतेत मँचेस्टरला ती बांधली जात आणि तुकड्यातुकड्यानं जहाजात घालून जगभर जात. एक वर्ग आपल्याकडे पूर्वेच्या लाईनीवर आला. त्याला एन वर्ग म्हणत. खनिजाच्या आणि कोळशाच्या जड गाड्या तो ओढायचा. बाबूजी तरुणपणी त्यावर होते. त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी दुसरा वर्ग मोंबासाला उतरला, त्याला एकोणसाठ वर्ग म्हणत. सालिम अर्बाब त्यावर फायरमन लागले, पुढे ड्रायव्हर झाले.

"आठ आगे, आठ पीछे," बाबूजी फोटोतली चाकं बोटानं मोजत म्हणाले. "जोर की सोलह. हमारा भी सोलह."

"मगर यह मीटर गेज है," सालिम अर्बाब मागून म्हणाले. "दुनिया में मीटर गेज पर इससे ताकतवाला कोई नहीं."

"हमारा ब्रॉडगेज. बडा."

"बडा होगा. ताकत हमारा जादा."

"हमारा पहले आया, अर्बाबसाब. तुम्हारा तो छोटा भाई है."

दोन म्हाताऱ्यांची ओळख अशी झाली. नमस्कार, सलाम, बसा-उठा, सगळं त्यानंतर. आता वाचून बघितलं तर ताकदीच्या बाबतीत सालिम अर्बाब बरोबर होते. बाबूजींना मी ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

कहवा आला. लहान कपात तो पुन्हा पुन्हा भरला जात होता आणि बाबूजी मान राखायचा म्हणून पुन्हा पुन्हा पीत होते. शेवटी हमीदभाई कुजबुजले, "बाबूजी, कप हलवा. हलवला नाय तर सकाळपर्यंत देतील." बाबूजींनी कप असा हलवला, जसा झेंडी दाखवतायत. सगळे हसले. सालिम अर्बाब सांगत होते, की त्यांची इंजिनं लालसर तपकिरी रंगाची होती आणि प्रत्येकाला डोंगराचं नाव होतं. केनिया, किलिमांजारो, मेरू. समुद्राकाठून निघायचं आणि नैरोबीच्या उंचीवर चढायचं. वाट इतकी लांब, की गाडीला मागे मुक्कामाचा डबा जोडलेला असे. ड्रायव्हर-फायरमनच्या दोन जोड्या असायच्या. एक इंजिनावर, दुसरी डब्यात झोपलेली. मग पाळी बदलायची.

"कोयला किदर का?" बाबूजींनी विचारलं.

"कोयला नहीं. तेल."

बाबूजी त्यांच्याकडे बघत राहिले. "तेल? फिर फायरमन क्या करता था?"

"वॉल्व घुमाता था."

"तो फायरमन कैसा? नलवाला बोलो!"

सालिम अर्बाब गालिच्यावर हात आपटून हसले. "तुम काला मुंह लेके घर जाता था, हम साफ डिशदाशा में जाता था. कौन होशियार?"

"हमारे इंजन में दो-दो फायरमन लगते थे," बाबूजी म्हणाले, "इतना बडा भट्टा था." दोन्ही हात त्यांनी पसरले. त्या हातांचे खांदे मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितले.

मग जेवण आलं. एकच मोठी परात, त्यात केशरी भात आणि त्यावर बकऱ्याचे मोठमोठे तुकडे. लवंगेचा वास बैठकभर पसरला. झांजिबारची लवंग, अर्बाबनी अभिमानानं सांगितलं. त्यांच्या घरातून मंदाझी म्हणून गोडसर फुगलेल्या पुऱ्याही आल्या होत्या. आम्ही परातीभोवती बसलो. सालिम अर्बाबनी उजव्या हातानं आपल्या पुढचा सगळ्यात चांगला तुकडा तोडून बाबूजींच्या बाजूला ठेवला. आणि बाबूजींनी पिशवी उघडली.

पंचा सुटला. ताट बाहेर आलं. हमीदभाईंचा हात भातातच थांबला. माझ्या खिशातला कागद मला एकदम जड झाला. अरबाच्या परातीला पाठ फिरवणं म्हणजे काय, हे तीन वर्षांत मला चांगलं कळलं होतं.

"गोश्त नहीं खाता?" सालिम अर्बाबनी विचारलं.

"खाता हूं."

"फिर?"

"आप लोगों को तकलीफ ना हो, इसलिए."

"मेरे को क्या तकलीफ?"

बाबूजी ताट हातात धरून बसले होते. कोणीतरी हा प्रश्न विचारील असं त्यांना आयुष्यात वाटलं नसावं. ते हळूहळू बोलले. मोडक्या हिंदीत बोलले म्हणून असेल, पण घरी मराठीत जे कधी सांगितलं नाही, ते त्यांनी तिथं सांगितलं. गॅरटवर दोन फायरमन. दुसरा मोठ्या जातीचा. चढावर भट्टीला कोळसा लागायचा तेव्हा दोघं एकामागे एक टाकायचे, एकाच फावड्यानं. लाल सिग्नल लागला, इंजिन थांबलं, की भूक लागायची. फावडं धुऊन, त्यावर वांगं, कांदा, मिरची ठेवून भट्टीच्या तोंडाशी धरायचं. सगळ्या लोकोवाल्यांची ती पद्धत. "कोयला डालने को फावडा एकही चलता था," बाबूजी म्हणाले. "बैंगन भूनने को नहीं चलता था. मेरा हाथ लगा तो वो नहीं खाता था. एक बार पूरा खाना बाहर फेका." रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्युटीवरच्या विश्रामगृहात, स्वयंपाकी त्यांना पत्रावळीवर बाहेर वाढायचा. तेव्हा त्यांनी पहिल्या पगारातून हे ताट घेतलं. "कोई बोले, उसके पहले अपना थाली निकालना. फिर बोलने का काम नहीं पडता."

खोलीत फलजचं पाणी ऐकू येत होतं. हमीदभाईंनी मान खाली घातली होती. मी बाबूजींकडे बघत होतो. लोकोवाल्याची सवय! आईला माहीत असणारच. तिनं मला जे सांगितलं होतं, ते खोटं नव्हतं. फक्त पुरं नव्हतं.

मला भीती होती, सालिम अर्बाब एखादं मोठं वाक्य बोलतील, की अल्लाच्या दारात सगळे सारखे, वगैरे. त्यांनी हात पुढे केला, बाबूजींच्या हातातून ताट घेतलं, उलटं करून बघितलं, बोटानं टण्ण वाजवलं. "अच्छा स्टील है." मग ते परातीच्या कडेला गालिच्यावर ठेवलं, तोंडातलं चघळलेलं हाडूक काढलं आणि त्यात टाकलं.

"हड्डी के लिए कुछ चाहिए था," ते म्हणाले. "अच्छा किया लाया. यल्ला, खाओ. ठंडा होता है."

बाबूजी ताटातल्या त्या हाडकाकडे बघत होते. त्यांचा जबडा हलला. मला वाटलं, आता ते उठतील. तेवढ्यात हमीदभाईंनी आपल्या पुढचं एक हाडूक उचललं, उगाच चोखलं आणि त्याच ताटात टाकलं. "बाबूजी," ते म्हणाले, "आमाला वाटला, तुमाला आमचा चालत नाय."

"तुमचं?" बाबूजी त्यांच्याकडे वळले. त्यांचा चेहरा अगदी भाबडा झाला होता. "अगा, मले वाटे, तुमाले माहं चालणार नाही."

आणि मग ते हसायला लागले. बाबूजी, माझे बाबूजी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसत हसत त्यांनी परातीत हात घातला. तो हात आधी जरा बिचकला, आपल्याच कडेला राहिला. नंतर नाही राहिला. जेवण संपेपर्यंत ताट हाडांनी भरलं होतं, आणि सालिम अर्बाब त्यांना तेलाच्या बर्नरला कशी फुंकर मारावी लागते ते सांगत होते, आणि बाबूजी पुन्हा पुन्हा म्हणत होते, "नलवाला. शेवटी नलवालाच."

कागदावर सही कहवा पिताना झाली. खाली भाताचं एक शीत चिकटलं होतं.

बाबूजी पुढची मुदत संपेपर्यंत राहिले. दर शुक्रवारी इब्राचा ट्रकवाला निघाला, की सालिम अर्बाबचा निरोप यायचा, "कोयलावाले को भेजो." वादी अदाईत हमीदभाई पुन्हा गुणगुणायला लागले आणि बाबूजी त्यांना वांगं गॅसवर कसं भाजू नये यावर व्याख्यान द्यायचे. मी त्यांना इथं कायमचं ठेवू शकलो नाही, कारण घराच्या दारातून गाडी जात नाही तिथं ते कायमचे राहणारे नव्हते. पण ते रुसून गेले नाहीत. मन भरून गेले. माझ्या मनात तेवढ्याबद्दल आजही त्या दोन माणसांविषयी, आणि हो, मँचेस्टरला कुणीतरी जोडलेल्या त्या अवजड इंजिनाविषयी कृतज्ञता आहे. नाहीतर इब्राचा अरब आणि गोंदियाचा फायरमन एका परातीला कसे बसले असते?

त्या इंजिनांपैकी बहुतेक भंगारात गेली. मोंबासाच्या वर्गातली दोन नैरोबीत ठेवली आहेत. बाबूजींच्या वर्गातलं एक दिल्लीला आहे, ते मी माझ्या मुलीला दाखवून आणलं. ती मस्कतच्या अल खौदमध्ये वाढली. तिच्या मराठीला अजून ठेच लागते. तिनं भट्टीकडे बघून विचारलं, "आजोबा या किचनमध्ये कुक करायचे?" मी हो म्हटलं. ते चुकीचं नव्हतं.

बाबूजी निघाले त्या दिवशी हमीदभाई खाली गाडी चालू करून उभे होते. मी खोलीत शेवटची नजर टाकायला वर आलो, तर स्वयंपाकघरातल्या फळीवर आमच्या ताटांच्या चळतीत ते ताट होतं. मी ते घेऊन धावत खाली गेलो. बाबूजी पुढच्या सीटवर बसले होते, पिशवी मांडीवर, पहिल्यापेक्षा हलकी.

"बाबूजी, ताट राहिलं!"

त्यांनी काच खाली केली. ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"राहू दे गा," ते म्हणाले. "तुमच्याकडे मासे होतेत. काट्याले लागते."